पेव किती वेळा उघडावे?

आमच्या गावच्या घरी अंगणाच्या कोपऱ्यात एक पेव होते. मालेगाव तालुक्यातले ते गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशिम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आजच्या मुलांना ‘पेव’ हा शब्द ठाऊक असतो तो ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारापुरता. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, पोट रुंद. ज्वारी आत उतरवायची, वर कडबा आणि माती घालून तोंड लिंपून टाकायचे आणि मग विसरून जायचे. निदान आम्हा पोरांना तरी तसे वाटे. आजोबा विसरत नसत. अंगणात त्या जागी पाणी तर साचत नाही ना, यावर त्यांची पावसाळाभर नजर असे. पेव मात्र ते ठरल्या वेळीच उघडीत. शेजारी कोणी म्हणाले, ‘एकदा पाहा तर खरं, ज्वारी कशी आहे,’ तर आजोबा नुसते हसत. वारंवार उघडले तर ओल आत शिरते आणि किडा लागतो. वर्षानुवर्षे उघडलेच नाही तर खालची ज्वारी काळी पडून सडते. आणि उघडल्याबरोबर कोणी आत उतरायचे नाही, हा तर सक्त नियम होता. तोंड उघडून तसेच राहू द्यायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर पुन्हा थांबायचे. कोंडलेल्या हवेत घाईने उतरून माणसे दगावल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात होत्या.

हे सारे आठवायचे कारण एक प्रश्न. मध्यंतरी वाशिमच्या पाटणी चौकात एक तरुण शिक्षक भेटले. नव्या पिढीचे, हिशेबी, दरमहा थोडी रक्कम म्युच्युअल फंडात घालणारे. मी बँकेत नोकरी केली हे त्यांना ठाऊक होते. चहा येईपर्यंत त्यांनी तीनदा मोबाइल उघडून पाहिला आणि चौथ्यांदा उघडताना स्वतःच ओशाळून विचारले, ‘काका, खरं सांगा, आपली गुंतवणूक माणसानं किती वेळा पाहावी?’ प्रश्न साधा वाटला. उत्तर मात्र मला चौकात देता आले नाही, कारण या बाबतीत मी दोन्ही टोकांच्या चुका पाहिल्या आहेत. त्यांतली एक तर मी स्वतः केली आहे.

पहिली चूक न पाहण्याची. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत होतो. एके दिवशी रिसोडकडच्या एका खेड्यातून एक वयस्क बाई आल्या. धुवट लुगडे, हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या पेटीतले कागद. म्हणाल्या, ‘साहेब, बुढ्यानं ठेवलेले कागद हायेत. पाहा बरं, कामाचे हायेत का जाळून टाकू?’ मी एकेक कागद उलगडला. जुन्या सारापावत्या, एक रद्द झालेले रेशनकार्ड आणि त्यांच्यामध्ये आमच्याच शाखेच्या तीन मुदत ठेवींच्या पावत्या. मुदत संपून सात वर्षे झाली होती. नवऱ्याला जाऊन पाच. नॉमिनीच्या रकान्यात रेघ मारलेली. मी रक्कम सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दोन सालाआधी लेकीच्या लग्नाले सावकाराकून पैसे उचलले, तीन रुपये शेकड्यानं. म्हणजे पैसे घरातच होते का, साहेब?’

शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. आणि पेटीतल्या पावत्यांवर मुदतीनंतरचे व्याज अर्थातच मूळ दराने नव्हते. मी ‘हो मावशी’ एवढेच म्हणालो. वारसाच्या कागदपत्रांत पुढे काही महिने गेले आणि पैसे त्यांना मिळाले. पण सावकाराला गेलेले व्याज कोण परत देणार? त्यांच्या नवऱ्याने चांगली बचत केली होती, सुरक्षित जागी केली होती, जपूनही ठेवली होती. त्याच्याकडून राहिली ती एकच गोष्ट. तारीख आली की पेटी उघडायची असते, हे त्याने ना पाळले ना कोणाला सांगून ठेवले.

ही गोष्ट एका घराची नाही. दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही की ती रक्कम बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरावी लागते. २०१४ पासून हा निधी आहे आणि मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये जमा होते. हा पैसा बुडालेला नाही. खातेदार किंवा वारस केव्हाही मागू शकतो. कोणाचे काय पडून आहे ते शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्‌गम’ हे संकेतस्थळ काढले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ ही मोहीमही सुरू केली. शेअरची तीच कथा. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर लाभांशच काय, मूळ शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. मुदत संपलेल्या ठेवीचा तोटा तर त्याहून जवळचा. २०२१ च्या नियमाप्रमाणे, ठेव मुदतीनंतर तशीच पडून राहिली तर तिला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी असेल तोच मिळतो. ‘बँकेत आहे ना, मग सुरक्षित आहे’ असे म्हणणाऱ्याचे पैसे सुरक्षित असतात हे खरे. पण ते झोपलेले असतात.

आणि न पाहण्याची सवय नेहमी पेटीतल्या पावतीपुरतीच राहत नाही. माझ्या पिढीतल्या किती शिक्षकांनी आणि कारकुनांनी युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेत पैसे ठेवले होते! १९६४ पासूनची योजना, दरवर्षी लाभांश, किंमतही युनिट ट्रस्टच जाहीर करणार. पाहायचे कशाला? २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्टने तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली तेव्हा लोकांना कळले की जाहीर किंमत आणि आतल्या मालाची किंमत यांत केवढे अंतर पडले होते. पुढे सरकारने हात दिला, युनिटांचे रोखे झाले, सामान्य माणसाचे बरेचसे निभावले. पण ‘हे पाहावे लागत नाही’ अशी कोणतीच गुंतवणूक नसते, हा धडा महागात शिकावा लागला.

तेव्हा रोज पाहावे का? आता माझी चूक सांगतो.

मी २०१९ च्या अखेरीस निवृत्त झालो. हाती आलेल्या रकमेपैकी सुमारे तिसरा हिस्सा शेअर बाजाराशी निगडित अशा म्युच्युअल फंडांत ठेवला. निर्णय विचारपूर्वक होता. त्या पैशाला दहा वर्षे हात लावायचे कारण नव्हते. पण मुलाने मोबाइलवर सारे दिसण्याची सोय करून दिली आणि मी बिघडलो. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन ही बाजाराची वेळ. नोकरीत असताना मी कामाकडेही इतक्या एकाग्रतेने पाहिले नसेल. आकडा हिरवा असला की चहा गोड लागे, लाल असला की बायकोने केलेल्या भाजीत मीठ कमी वाटे. मग मार्च २०२० आला. २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. रात्रभर मला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे विकून टाकले. घरात कोणाला सांगितलेही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता. टाळेबंदीतल्या त्या सुन्या पाडव्याला गुढी उभारताना मी स्वतःला शहाणा समजत होतो.

त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला सेन्सेक्स ४७,७५१ वर होता. माझे पैसे तोवर बचत खात्यात होते. दुसऱ्यांना आयुष्यभर ‘पेटी उघडून पाहत जा’ असे सांगणारा मी, पेव उघडेच ठेवून त्याच्या तोंडाशी बसलो होतो.

पुढे वाचनात आले, की माझ्यासारख्यांचा अभ्यास विद्वानांनी आधीच करून ठेवला आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवून दिले, की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद जेवढा, त्याच्या जवळजवळ दुप्पट दुःख शंभर रुपये गेल्याचे होते. आता हिशेब करा. शेअर बाजार दीर्घकाळात वर गेलेला असला, तरी सुटे सुटे दिवस घेतले तर जवळजवळ निम्मे दिवस उतरणीचे असतात. म्हणजे रोज पाहणारा माणूस निम्मे दिवस दुप्पट दुःख भोगतो. वर्षातून एकदा पाहणाऱ्याला उतरणीची वर्षे त्या मानाने कमी दिसतात. गुंतवणूक दोघांची एकच; एकाला ती सुखाची वाटते, दुसऱ्याला जीवघेणी. रिचर्ड थेलर यांनी या दोघांबरोबर १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना गुंतवणुकीचे निकाल महिन्या-महिन्याला दाखवले, काहींना वर्षाने. महिन्याला पाहणारे घाबरून शेअरपासून दूर राहिले आणि शेवटी त्यांनाच कमी मिळाले. थेलर यांना पुढे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नुसत्या दुःखाने भागत नाही. सतत पाहणाऱ्याचा हात शिवशिवतो. अमेरिकेतल्या बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ या काळातली ६६,४६५ कुटुंबांची खाती तपासली. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले; बाजाराने त्या काळात १७.९ टक्के दिले होते. आपल्याकडचे चित्र तर त्याहून करुण. ‘फ्यूचर्स आणि ऑप्शन्स’च्या व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्ती उतरल्या. त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता, असे ‘सेबी’ने २०२४ साली सांगितले. वाशिम, कारंजा, रिसोडची मुले यात नाहीत असे समजू नका. चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली मुले नेहमी गाणीच ऐकत असतात असे नाही.

यावर कोणी म्हणेल, आमच्या जिल्ह्यात शेअर कोणाकडे आहेत? आमची गुंतवणूक घरातल्या सोयाबीनच्या पोत्यांत. अगदी खरे. म्हणूनच ती गोष्टही तपासून पाहू. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला गाठला. नवा माल आला आणि भाव निम्म्याच्या आसपास आला. पण दहा हजारांचा आकडा डोळ्यांत राहिला. तेव्हापासून कितीतरी घरांत दोन-दोन हंगामांचा माल एकावर एक थप्पी लावून ठेवलेला मी पाहिला. सकाळी मोबाइलवर वाशिमचा भाव, कारंज्याचा भाव, लातूरचा भाव पाहायचा, सुस्कारा सोडायचा आणि उद्याची वाट पाहायची. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांतला भाव बराच काळ त्याच्याही खाली होता. भाव रोज पाहिल्याने दाणा जड होत नाही. वाळून उलट हलकाच होतो. भाव पडण्यात शेतकऱ्याचा दोष नाही, तो आयात-निर्यातीच्या धोरणाचा आणि खरेदी केंद्रांच्या कारभाराचा विषय आहे, त्यावर स्वतंत्रपणे बोललेच पाहिजे. पण जे आपल्या हातात आहे ते एवढेच, की माल घरात आला त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे: पीककर्जासाठी किती पोती, कोणत्या तारखेपर्यंत विकायची, मुलाच्या फीसाठी किती, आणि भावाची वाट पाहण्यासाठी म्हणून किती, तीही कोणत्या महिन्यापर्यंत. हे लिहिलेले असेल तर रोजच्या भावाला आपल्या घरात फार बोलता येत नाही.

तेव्हा त्या शिक्षकांना चौकात देता न आलेले उत्तर आता देतो. पाहणे दोन प्रकारचे असते: भाव पाहणे आणि कागद पाहणे. आपण भाव रोज पाहतो आणि कागद कोणीतरी वारल्यावर पाहतो. हे उलटे झाले पाहिजे.

कागद वर्षातून दोनदा पाहावेत. तारखा आपल्या पंचांगातच आहेत: गुढीपाडवा आणि दिवाळी पाडवा. व्यापाऱ्यांनी वहीपूजनासाठी दिवाळी निवडली ती उगीच नव्हे. गुढीपाडवा तर आर्थिक वर्षाच्या उंबरठ्यावरच येतो. त्या दिवशी एक साधी वही काढावी. प्रत्येक ठेव, विमा, पोस्टाची योजना, फंड, सोसायटीतली रक्कम एकेका ओळीत लिहावी: कोठे, कोणाच्या नावे, किती, मुदत केव्हा संपते, नॉमिनी कोण आणि हा पैसा कशासाठी. नॉमिनी आजही हयात आहे ना, हे पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. एकाच बँकेत पाच लाखांहून अधिक रक्कम असेल तर ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेतल्या पाच लाखांपुरतेच आहे, हे लक्षात घ्यावे. आणि ज्या पतसंस्थेत नावावर भुलून पैसे ठेवले, तिला हे संरक्षण मुळीच नाही, हेही. पोस्टातल्या नव्या ठेवींचे दर सरकार २०१६ पासून दर तिमाहीला ठरवते, ते एकदा पाहावेत. पीपीएफमध्ये पैसे भरायचे तर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरावेत, म्हणजे त्या महिन्याचे व्याज मिळते. या कामाला एक सकाळ पुरते.

भावही त्याच दिवशी पाहावा, पण निर्णय त्या दिवशी घेऊ नये. इथे मला आजोबांचा कंदील आठवतो. कोणी म्हणेल, ‘तुम्ही २०२० च्या पाडव्यालाच पाहिले असते तरी आकडा लालच दिसला असता.’ दिसला असता. म्हणून तर थांबायचे. आकडा पाहिल्यावर पंधरा दिवस जाऊ द्यावेत आणि मग फक्त एकच प्रश्न विचारावा: हा पैसा ज्यासाठी ठेवला ते काम बदलले आहे का? मुलीचे लग्न दोन वर्षांवर आले असेल तर बाजार वर असो वा खाली, त्या पैशाने बाजारात राहू नये. काम दहा वर्षे दूर असेल तर आजच्या लाल आकड्याने काही बिघडत नाही. मी तिसरा हिस्सा ठरवला होता. पडझडीने तो हिस्सा आक्रसला होता, म्हणजे हिशेबाने मी थोडी भर घालायला हवी होती. मी नेमके उलटे केले.

काही गोष्टी याला अपवाद आहेत. खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला तर तो त्याच क्षणी पाहावा आणि व्यवहार आपला नसेल तर लगेच बँकेला कळवावे. ते पेव उघडणे नव्हे, अंगणात चोर शिरला का ते पाहणे आहे. घरात लग्न, मृत्यू, निवृत्ती, बदली अशी घटना घडली तर पाडव्याची वाट न पाहता वही काढावी. बाकीच्या दिवशी मोबाइल खिशात राहू द्यावा.

आणि एक शेवटची गोष्ट, जी मला बँकेने नव्हे, बचत गटांनी शिकवली. माविमच्या आणि ‘उमेद’च्या गटांच्या बैठकांना मी अनेकदा बसलो आहे. वही मोठ्याने वाचली जाते. कोणाचे किती जमा, कोणाचे किती बाकी, सगळ्यांसमोर. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपला आकडा तोंडपाठ असतो. त्या कापडी पिशवीवाल्या मावशींच्या घरी वर्षातून एकदा जरी अशी वही वाचली गेली असती, तरी सावकाराची पायरी चढावी लागली नसती. आणि मी आकडे एकट्याने पाहत बसलो नसतो, तर २४ मार्चच्या सकाळी कोणीतरी ‘थांबा जरा’ म्हणाले असते.

आता आमच्या घरी दिवाळी पाडव्याला ओवाळणी झाली की वही निघते. मी वाचतो, सौ. ऐकते. प्रत्येक ओळीला तिचा प्रश्न ठरलेला: ‘हे कशासाठी?’ पहिल्या वर्षी एका जुन्या खात्याच्या ओळीपाशी मला उत्तर सुचेना. माझ्या पहिल्या बदलीच्या गावचे खाते, कधीच बंद न केलेले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही दोघे एस.टी.ने त्या गावी गेलो, ते बंद केले आणि आलेल्या पैशात परतीच्या वाटेवर जेवण केले. जेवताना ती म्हणाली, ‘वहीतली एक ओळ कमी झाली.’ मला ते त्या वर्षीच्या कुठल्याही व्याजापेक्षा बरे वाटले.